रूपबदल आणि कर्ता : ‘मॉर्फ’ ह्या क्रियापदाचा नैतिक आशय

१

रूप बदलण्याच्या घटनेसाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. ‘ट्रान्सफॉर्म’, ‘ट्रान्सफिगर’, ‘ट्रान्सम्यूट’ ही क्रियापदे लॅटिन मुळाची; ‘मेटामॉर्फोसिस’ हे नाम ग्रीकमधून लॅटिनच्या वाटेने आलेले. ह्या कुळातील सर्वांत धाकटे क्रियापद म्हणजे ‘मॉर्फ’. भाषाविज्ञानात आणि जीवशास्त्रात ‘मॉर्फ’ हे नाम पूर्वीपासून आहे. पण तेथे ते एका स्थिर रूपाचे नाव आहे, बदलाचे नव्हे. बदलाची क्रिया दाखविणारे ‘मॉर्फ’ विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, संगणकावर चित्रे घडविणाऱ्यांच्या परिभाषेतून बाहेर पडले आणि पाहता पाहता राजकीय भाष्य, समाजशास्त्र, व्यवस्थापन व साहित्यसमीक्षा ह्या सर्वांत रुजले.

ग्रीक ‘मॉर्फे’ म्हणजे आकार किंवा रूप. ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये बदलाचा अर्थ ‘मेटा’ ह्या उपसर्गाने येतो. ‘मॉर्फ’ हे क्रियापद तयार होताना नेमका हा उपसर्ग गळला आणि केवळ ‘रूप’ ह्या अर्थाच्या अंशावर ‘रूप बदलणे’ ह्या क्रियेचा भार येऊन पडला. व्युत्पत्तीवरून नीतिशास्त्र काढणे धोक्याचे असते, कारण शब्द आपल्या जन्माला बांधलेले राहत नाहीत. तरीही शब्दाच्या घडणीत जे घडले तेच पुढे त्याच्या वापरातही घडलेले दिसते. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्यास जे अंतर ओलांडावे लागते, ज्या कारणाने ते ओलांडले जाते आणि ज्याच्या हातून ते ओलांडले जाते, त्या सर्वांना वगळून केवळ दोन रूपे समोर ठेवण्याची सोय हे क्रियापद करून देते.

रूपबदलाचे वर्णन करणारा शब्द निवडताना, त्या बदलाचे उत्तर कोणाला विचारता येईल हेही काही प्रमाणात ठरत असते काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. तो प्रथमदर्शनी व्याकरणाचा वाटतो. वस्तुतः तो नीतिविचाराचा आहे.

२

पाश्चात्त्य परंपरेत रूपबदलाच्या कथांचा सर्वांत मोठा संग्रह म्हणजे ओविडचे ‘मेटामॉर्फोसेस’. इ. स. ८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ह्या पंधरा सर्गांच्या काव्यात माणसे वृक्ष होतात, पशू होतात, पक्षी, पाषाण, तारे होतात. परंतु ह्या विविधतेतही एक गोष्ट जवळजवळ कायम आहे : बदलाला काही पूर्ववृत्त असते. कोणाचा क्रोध, कोणाची वासना, कोणाची विनवणी, कोणाचा उद्धटपणा असे काहीतरी आधी घडलेले असते, आणि श्रोत्याला ते ठाऊक असते.

पहिल्या सर्गातील लायकेऑनची कथा ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. अतिथी म्हणून आलेल्या देवाची परीक्षा पाहण्यासाठी हा राजा त्याला नरमांस वाढतो. देव त्याचे घर भस्म करतो. राजा रानात पळतो, बोलू पाहतो तर तोंडातून केवळ आक्रोश निघतो, आणि तो लांडगा होतो. येथे ‘अमुकाने त्याला लांडगा केले’ असे वाक्य ओविड लिहीत नाही. क्रियापद ‘होणे’ ह्या अर्थाचेच आहे. तरीही बदलाचे उत्तरदायित्व क्षणभरही संदिग्ध राहत नाही. लांडग्याच्या डोळ्यांत तेच तेज आहे, चेहऱ्यावर तेच क्रौर्य आहे. जे आत होते ते बाहेर आले. म्हणजेच वाक्यात कर्ता नसणे आणि कथेत कर्तृत्व नसणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्याकरणाने जे अनुक्त ठेवले ते कथनाने पुरविले आहे.

तिसऱ्या सर्गातील ॲक्टेऑनचे उदाहरण ह्याच्या उलट आहे. शिकारीत वाट चुकलेला हा तरुण स्नान करणाऱ्या डायना देवीला पाहतो. हा दैवाचा दोष, त्याचा अपराध नव्हे, असे कवी आरंभीच सुचवितो. देवी त्याच्यावर पाणी शिंपडते आणि तो हरिण होतो. मन मात्र पूर्वीचेच राहते. त्याच्याच कुत्र्यांनी त्याला घेरल्यावर आपले नाव सांगावे असे त्याला वाटते. पण वाणी उरलेली नसते. ह्या कथेच्या शेवटी ओविड लोकांत पडलेल्या दोन मतांची नोंद करतो : काहींना देवीची शिक्षा अपराधाच्या मानाने फार क्रूर वाटली, तर काहींनी ती तिच्या कौमार्याला साजेशी म्हणून वाखाणली. रूपबदल हा न्यायान्यायाच्या चर्चेचा विषय होऊ शकतो, हे ह्या नोंदीने स्पष्ट होते. ही चर्चा शक्य होते ती कर्ता ज्ञात आहे आणि रूप पालटलेला तो पूर्वीचाच आहे, ह्या दोन गोष्टी गृहीत असल्यामुळे. ह्यांपैकी एक जरी काढून घेतली, तरी क्रौर्य आणि न्याय हे दोन्ही शब्द निरर्थक ठरतील.

३

ही दोन गृहीतके एकाच वेळी डळमळीत करणारी कृती म्हणजे काफ्काची १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेली दीर्घकथा. तिच्या जर्मन शीर्षकातील ‘फेरवांडलुंग’ हा शब्द व्यवहारातला आहे, परीकथांतलाही आहे. जर्मन भाषेला ‘मेटामॉर्फोज’ हा ग्रीक शब्द परका नव्हता. गटेने १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावरील आपल्या निबंधासाठी तोच वापरला होता. काफ्काने तो घेतला नाही. इंग्रजीत मात्र ही कथा ‘मेटामॉर्फोसिस’ ह्याच नावाने रूढ झाली आणि तिच्यामागे ओविडची सावली उभी राहिली. माल्कम पास्ली ह्यांनी १९९२ च्या आपल्या भाषांतरात ‘ट्रान्सफॉर्मेशन’ हा साधा शब्द स्वीकारला. परंतु जुने शीर्षक टिकून राहिले.

काफ्काच्या कथेत बदल आधीच झालेला असतो. ग्रेगोर झाम्झा सकाळी जागा होतो तेव्हा तो कोणीतरी निराळा झालेला आहे. शाप देणारा देव नाही, पूर्वीचा अपराध नाही, आणि कारण शोधण्याची उत्सुकताही कोणाला नाही. ग्रेगोरला चिंता आहे ती गाडी चुकल्याची. इतकेच नव्हे तर बदललेल्या रूपाचे चित्रही देण्यास काफ्काचा विरोध होता. मुखपृष्ठावर तो कीटक काढू नये, असे त्याने प्रकाशकाला कळविले होते. म्हणजे ज्या कथेचा विषयच रूपबदल आहे तिच्यात बदलाचा कर्ता नाही, कारण नाही आणि नवे रूपही धूसर आहे.

मग येथे नैतिक प्रश्न उरतो कोठे? तो बदलाच्या उगमाकडून बदलानंतरच्या वागणुकीकडे सरकला आहे. कथेच्या उत्तरार्धात बहीण आईवडिलांना सांगते की हा प्राणी ग्रेगोर आहे ही कल्पनाच आता सोडून दिली पाहिजे. प्रारंभी त्याला खाऊ घालणारी, त्याच्यासाठी खोली आवरणारी हीच मुलगी. ‘तो’चे ‘ते’ होते, आणि त्यानंतर ग्रेगोरचे मरण ही औपचारिक गोष्ट ठरते. ग्रेगोरचे शरीर एका रात्रीत कोणाच्याही हातून न बदलता बदलले. पण त्याचे माणूसपण घरातल्या माणसांनी दिवसांमागून दिवस, एकेक शब्दाने काढून घेतले. पहिल्या बदलाला कर्ता नाही. दुसऱ्याला आहे, आणि तो नावानिशी आहे. काफ्काच्या कथेची नैतिक धार ह्या दोन बदलांच्या भेदात आहे. दोहोंना एकच क्रियापद लावले तर तो भेद पुसला जाईल.

४

‘बदलले तरी तेच’ ह्या विधानाचा आधार कोणता, हा प्रश्न भारतीय विचारात फार जुना आहे. वार्ष्यायणीच्या मताचा हवाला देऊन यास्काने ‘निरुक्ता’त सहा भावविकार सांगितले आहेत : जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, झिजणे आणि नष्ट होणे. ह्यांतील ‘विपरिणमते’चा त्याने दिलेला अर्थ लक्षणीय आहे : आपल्या तत्त्वापासून न ढळलेल्या वस्तूचा विकार. म्हणजे बदल ह्या कल्पनेतच न बदलणाऱ्या काहीतरीचा समावेश आहे. तत्त्वच ढळले तर तो बदल न राहता नाश होतो. सांख्यांनी ‘परिणाम’ ही संज्ञा दुधाचे दही होण्यासारख्या खऱ्या बदलासाठी वापरली, तर अद्वैत वेदान्ताने दोरीच्या ठिकाणी साप भासावा तशा आभासरूप बदलासाठी ‘विवर्त’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत ‘परिणाम’ हा शब्द पुढे फलाचा वाचक झाला. बदल आणि त्याचे फल ह्यांचा संबंध ह्या शब्दाच्या इतिहासातच नोंदला गेला आहे.

परंतु तत्त्व टिकते असे मानल्यावाचून उत्तरदायित्व सिद्धच होत नाही काय? ‘मिलिंदपञ्ह’ ह्या पाली ग्रंथात ह्याचे एक मार्मिक उत्तर आहे. बौद्ध मताप्रमाणे नित्य आत्मा नाही. मग एका जन्मीच्या कर्माचे फल दुसऱ्याला का, असा राजाचा प्रश्न. नागसेन आंब्यांच्या चोराचा दृष्टान्त देतो. पकडला गेलेला चोर म्हणतो, ह्या माणसाने जे आंबे लावले ते निराळे आणि मी तोडले ते निराळे. मी ह्याचे काही चोरले नाही. राजाला कबूल करावे लागते की चोर तरीही दंडास पात्र आहे, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच आलेले आहेत. येथे एकत्वाची गरज नाही, अखंड कारणपरंपरा पुरेशी आहे. रूप संपूर्ण बदलले हा बचाव होऊ शकत नाही.

इंग्रजी तत्त्वज्ञानात जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत तादात्म्यावरील प्रकरण घातले. राजपुत्राच्या जाणिवेने चांभाराच्या देहात प्रवेश केला तर तो मनुष्य राजपुत्राच्याच कृत्यांना बांधलेला राहील, असे तो म्हणतो. आणि ‘व्यक्ती’ ही न्यायव्यवहाराची संज्ञा आहे, कृत्ये व त्यांचे गुणदोष कोणाच्या पदरात घालावयाचे हे ठरविण्यासाठी ती आहे, असा निष्कर्ष काढतो. लॉक सातत्य स्मृतीत शोधतो, नागसेन कारणपरंपरेत. दोघांचे तत्त्वज्ञान भिन्न असले, तरी रूपबदलाचा विचार करताना दोघेही ज्या प्रश्नाशी येऊन थांबतात तो एकच आहे : आता उत्तर कोण देणार?

निसर्गातील रूपांतरही ह्या प्रश्नाला पोषक ठरले आहे. अळी मरते आणि निराळे फुलपाखरू जन्मते ही समजूत सतराव्या शतकात यान स्वामरडाम ह्याच्या विच्छेदनांनी ढासळली. त्याला अळीच्या देहातच पुढील पंखांच्या खुणा आढळल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर असे दिसले की अळीच्या शेवटच्या अवस्थेत विशिष्ट वास टाळण्यास शिकलेले पतंग कोशातून बाहेर आल्यावरही तो वास टाळतात. कोशात देहाची एवढी मोडतोड होऊनही शिकलेले काही शिल्लक राहते.

५

ह्या पार्श्वभूमीवर ‘मॉर्फ’ ज्या तंत्रातून आला ते तंत्र पाहण्यासारखे आहे. दोन चित्रे घेतली जातात. पहिल्यातील डोळा, नाक, हनुवटी ह्यांचे बिंदू दुसऱ्यातील तशाच बिंदूंशी जोडले जातात. मग संगणक एकाचा आकार दुसऱ्याकडे ताणत नेतो, आणि त्याच वेळी एकाचा रंग विरवून दुसऱ्याचा गडद करीत जातो. १९८८ च्या ‘विलो’ ह्या चित्रपटातील पशूंची मालिका, १९९१ च्या ‘टर्मिनेटर टू’मधील द्रवरूप खलपुरुष आणि त्याच वर्षीच्या मायकल जॅक्सनच्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ ह्या गीतपटात एकमेकांत मिसळत जाणारे चेहरे ह्यांनी हे तंत्र जगभर पोहोचविले. त्यात मधली चित्रे कोणाचीच नसतात. ती जगली गेलेली नसून गणिताने काढलेली असतात. कोशातील अवस्थेला जो धोका आणि जे मोल आहे, ते येथे नाही; ही प्रक्रिया उलटही फिरविता येते. परिणामही नव्हे आणि विवर्तही नव्हे, असा हा तिसरा प्रकार आहे : ज्याच्या मुळाशी बदलणारी वस्तूच नाही असा बदल.

तंत्राची ही लक्षणे रूपकाबरोबर समाजविचारात आली. १९९३ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या विशेषांकावर एका स्त्रीचा चेहरा छापला गेला. अनेक वंशांच्या चेहऱ्यांतून संगणकाने घडविलेली ही अस्तित्वात नसलेली स्त्री उद्याच्या अमेरिकेचा चेहरा म्हणून सादर केली गेली. डोना हॅरवे ह्यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात ह्या चेहऱ्याची कठोर चिकित्सा केली, ती अकारण नव्हे. ज्या देशात आंतरवंशीय विवाहांना मनाई करणारे राज्यांचे कायदे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले, तेथे वंशसंकराचा इतिहास गुलामगिरी, बळजबरी आणि कायद्याशी दिलेली झुंज ह्यांनी भरलेला आहे. पडद्यावर चेहरे मिसळले की तो इतिहास आपोआप गळून पडतो. कोणी कोणावर काय लादले, हे विचारण्यास जागाच राहत नाही.

इंग्रजीच्या सामान्य गद्यात ‘मॉर्फ’ बहुधा अकर्मक वापरला जातो. मोहीम युद्धात ‘मॉर्फ’ होते, तात्पुरता अध्यादेश कायमच्या व्यवस्थेत ‘मॉर्फ’ होतो. अशा वाक्यांत बदल गुळगुळीत असतो. कोठे निर्णय झाला, कोणी विरोध केला, कोणाला त्याची झळ लागली, ह्याचा मागमूस नसतो.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. इतिहासातील पुष्कळ बदल खरोखरच एका कर्त्याचे नसतात. भाषा बदलतात, रूढी बदलतात, संस्था हळूहळू पालटतात. तेथे कर्त्याचा हट्ट धरणे म्हणजे कटकारस्थानांचा इतिहास लिहिणे होय. हा आक्षेप मान्य करावयास हवा. परंतु अनेकांच्या हातून घडणे आणि कोणाच्याच हातून न घडणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. लायकेऑनच्या कथेने दाखविल्याप्रमाणे वाक्य अकर्तृक असले तरी चालते; त्याच्या आगेमागे असे कथन हवे की ज्यात कारणाचा शोध घेता येईल. कॅरोलिन वॉकर बायनम ह्यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात संकर आणि रूपांतर ह्यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो : संकर ही एकाच वेळी डोळ्यांसमोर उभी असलेली दोनपणाची अवस्था, तर रूपांतर ही मूलतः गोष्ट, काळात उलगडणारी. ‘मॉर्फ’विषयीची खरी तक्रार ही की तो गोष्टीचा आव आणतो आणि हाती चित्र देतो.

६

मराठीत रूपबदलाची वाक्ये सहसा नाम आणि साहाय्यक क्रियापद ह्यांनी बनतात, आणि ते क्रियापद निवडताना वक्त्याला एक भूमिका घ्यावीच लागते. रूपांतर ‘होते’, रूपांतर ‘केले’ जाते. सोंग, रूप, अवतार ‘घेतला’ जातो. ‘होणे’त कर्ता झाकलेला, ‘करणे’त उघड, तर ‘घेणे’त बदलणारा तोच कर्ता. वाङ्मयव्यवहारात तर ‘रूपांतरकार’ अशी स्वतंत्र कर्तृवाचक संज्ञाच आहे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ किंवा देवलांचे ‘झुंझारराव’ ह्यांची चर्चा होते तेव्हा शेक्सपिअरच्या नाटकाचे काय झाले एवढेच न विचारता, त्यांनी त्याचे काय केले असे विचारले जाते.

ह्यावरून मराठी भाषा अधिक नीतिमान आहे असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. ‘आंदोलनाला हिंसक वळण लागले’ हे वृत्तपत्रीय वाक्य ‘मॉर्फ’इतकेच निरागस आहे, वळण कोणी लावले, पहिला दगड की पहिली लाठी, हे त्यात सांगितलेले नसते. भाषा साधने पुरविते. ती वापरण्याची सक्ती करीत नाही.

तथापि ‘मॉर्फ’ मराठीत आला तेव्हा त्याचे जे झाले ते विचार करण्यासारखे आहे. मराठी वृत्तपत्रांत आणि पोलिसांकडील तक्रारींत हा शब्द जवळजवळ नेहमी ‘मॉर्फ करणे’ असाच येतो, आणि त्याचा अर्थ ठरलेला असतो : एखाद्याचे, बहुधा एखाद्या स्त्रीचे, छायाचित्र घेऊन तिचा चेहरा परक्या देहावर बसविणे आणि त्याआधारे तिला बदनाम करणे किंवा तिच्याकडून पैसे उकळणे. इंग्रजीच्या सामान्य गद्यात कर्ता हरवून बसलेले क्रियापद येथे आरोप झाले. कोणी केले, हा प्रश्न आता शब्दाबरोबरच येतो. हा अर्थ मराठीपुरता नाही. भारत सरकारच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांतही कृत्रिमरीत्या ‘मॉर्फ’ केलेल्या प्रतिमांचा उल्लेख आहे.

ह्या वापराने रूपबदलाच्या विचारात एक नवा पेच आणला. अशा प्रतिमेत त्या स्त्रीत काहीच बदललेले नसते. ना देह, ना मन, ना कृती. बदलली ती केवळ तिची दिसण्याची शक्यता. आणि तरीही त्या बदलाचा सारा भार तिच्यावर येतो. कर्ता दुसरा, भोक्ता दुसरा. ओविडला ही विषमता अपरिचित नव्हती. चौथ्या सर्गाच्या शेवटी येणारी मेड्युसा मिनर्व्हाच्या मंदिरात नेपच्यूनच्या बलात्काराला बळी पडते. देवी शिक्षा करते ती तिलाच, तिच्या केसांचे साप करून. पहिल्या सर्गातील आयोला ज्युपिटर गाय करतो तो आपले कृत्य पत्नीपासून लपविण्यासाठी. आयोला मात्र खुराने धुळीत अक्षरे उमटवून आपली ओळख पित्याला पटविता येते. रूप हिरावले तरी आपली हकिगत सांगण्याचे एक साधन तिच्याजवळ उरते, आणि ती वाचणारा कोणी भेटतो. खोट्या प्रतिमेने पीडित झालेल्या व्यक्तीचे संकट असे की तिची वाणी शाबूत आहे. परंतु पाहणारा तिच्या शब्दापेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रावर अधिक विश्वास ठेवतो. ॲक्टेऑनला बोलता येत नव्हते, हिला बोलता येते पण ऐकले जात नाही. विवर्ताचे खापर दोरीवर फोडण्यासारखाच हा प्रकार आहे.

तेव्हा रूपबदलाच्या शब्दांची निवड ही केवळ शैलीची बाब राहत नाही. साहित्याच्या अभ्यासात ‘प्रकाराचे रूपांतर झाले’, ‘परंपरा पालटली’, ‘संवेदनशीलतेने नवे रूप धारण केले’ अशी वाक्ये सहज लिहिली जातात. त्यांतील प्रत्येक वाक्य चुकीचे असेल असे नाही. परंतु ती लिहिताना कोणाच्या हातून, कशाची किंमत देऊन आणि कोणाच्या वाट्याला, हे विचारण्याची जागा मोकळी राहिली आहे की नाही, एवढे समीक्षेने तपासले पाहिजे. ॲक्टेऑनच्या मृत्यूनंतर ओविडच्या काव्यातील लोक निदान वाद तरी घालू शकले. ज्या भाषेत असा वादच उद्भवू शकत नाही, त्या भाषेत झालेला अन्याय अन्याय म्हणून ओळखताही येणार नाही.